डावीकडचा माणूस

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गावातले जुने वैमानिक ओरलबेक अगा फाटकापासूनच ओरडत आले, "सुयिंशी! शोल्पान, आधी सुयिंशी काढ!"

माझी अपा, म्हणजे आई, कणीक मळत होती. बातमी काय, हे तिने विचारलं नाही. चांगली बातमी आणणाऱ्याच्या हाती आधी बक्षीस ठेवायचं, मग त्याला बोलू द्यायचं. आईला हे तिच्या आईने शिकवलेलं. तिने हात पुसले आणि कपाटातून निळा चापान काढला. उंटाच्या लोकरीचं अस्तर असलेला तो लांब झगा ती दोन हिवाळे शिवत होती. माझ्या मामाच्या साठीला द्यायचा होता. तो तिने अगांच्या खांद्यांवर घातला. बाह्या चार बोटं लांब झाल्या.

"हां, आता बोला, ओरेके."

"बेर्दिबेकचा फोन होता. दुसरं विमान उडणार! कॅप्टन सापडला! आणि उजव्या खुर्चीत आपली गौहर!"

गौहर म्हणजे मी. मी स्टुलावर बसून बटाटे सोलत होते. अपा रडली, मग हसली, मग तिने अगांना दूध घातलेला चहा तीन वेळा पाजला आणि डोक्याला रुमाल बांधून गल्लीतल्या चार घरांना सांगून आली.

माझी तोवरची स्थिती सांगायला फार वेळ लागत नाही. अक्तोबेच्या विद्यापीठातली रसायनशास्त्राची पदवी, मग अल्माटीला वैमानिकाचं शिक्षण, आणि चौदा महिन्यांपासून हातात परवाना. उड्डाणाचे तास एकशे अठ्ठ्याण्णव. अर्ज सव्वीस. उत्तरं नऊ, आणि नऊंच्या नऊंत एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत: किमान पाचशे तास असलेल्यांनीच अर्ज करावा. तास नोकरीत मिळतात आणि नोकरी तासांवर मिळते. ऑगस्टपर्यंत मी विमानात बसले नसते तर परवाना बाद झाला असता. पुन्हा परीक्षा, पुन्हा शिक्षकासोबत उड्डाणं, आणि ते आम्हाला दुसऱ्यांदा झेपणारं नव्हतं. गावच्या शाळेत रसायनशास्त्राची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांना मी एक एप्रिलपर्यंत हो किंवा नाही सांगणार होते.

वर्तमानपत्रांत मात्र दर महिन्याला छापून येई की वैमानिकांची टंचाई आहे. अपा तो मजकूर बोटाने दाखवून म्हणायची, "बघ, जगाला तू हवी आहेस."

"जगाकडे माझा पत्ता नसेल," मी म्हणायचे.

म्हणून त्या दिवशी मला आनंद किती झाला हे मोजता येणार नाही. तो टिकला किती हे मात्र मोजता येतं: एकोणीस तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेर्दिबेकना फोन केला. गावाबाहेरच्या धावपट्टीवर त्यांची दोन जुनी दुपंखी विमानं उभी असतात. मे महिन्यात माळावर टोळांची पिल्लं जमिनीतून वर येऊ लागली की ती फवारणी करतात.

"कागदपत्रं कुठली आणू?" मी विचारलं.

"कसली कागदपत्रं?"

"दुसऱ्या विमानासाठी. कॅप्टन सापडला म्हणून..."

पलीकडून वाऱ्यातून त्यांचा आवाज आला, "कोणाला सापडला? मला सांग, आत्ता गाडी पाठवतो आणायला."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. ते अगांना म्हणाले होते, "कॅप्टन ताबिल्सा." सापडला तर. अगांनी ऐकलं, "ताबिल्दी." सापडला. आमच्या भाषेत 'जर' वाक्याच्या तोंडाशी नसतो, क्रियापदाच्या शेपटीला असतो. शेपटी ऐकू आली नाही की अट गळून पडते आणि उरते ती बातमी. ओरलबेक अगांनी त्या विमानात चौतीस वर्षं काढली होती. त्याचं इंजिन त्यांच्या कानातलं पुष्कळ काही घेऊन गेलं होतं, आणि शब्दांच्या शेपट्या त्यांतच गेल्या होत्या.

दुपारी अगा आले ते चापानची घडी छातीशी धरून. या वेळी फाटकाशी ओरडले नाहीत. दारातच उभे राहिले.

"शोल्पान, माझ्या कानाने तुला फसवलं. हा घे परत."

"मी नाही घेणार."

"अगं, बातमी खोटी होती."

"सुयिंशी परत घेतली की बातमीही परत गेली. मला बातमी परत द्यायची नाही."

"पण ती बातमीच नव्हती!"

"चार घरांना सांगून आलेय मी. आता ती आहे."

अगांनी माझ्याकडे पाहिलं. शास्त्र शिकलेल्या मुलीने यातून काही वाट काढावी असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी चहा ठेवायला वळले. अपाने त्यांना बसवलं, चहा ओतला, आणि चापान त्यांच्या मांडीवरच राहिला, एखाद्या पाहुण्याच्या बाळासारखा.

"मला एक कळत नाही, पोरी," अगा म्हणाले. "पेपरवाले लिहितात वैमानिक मिळत नाहीत. तू वैमानिक. घरात बसून बटाटे सोलतेस. मग अडलंय कुठे?"

या प्रश्नावर मी चौदा महिने विचार केला होता, त्यामुळे उत्तर जरा लांब झालं. मी दोन पेले घेतले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"हा डावा, कॅप्टनचा. हा उजवा, माझ्यासारख्यांचा. परदेशी कंपन्यांनी आपल्या मोठ्या विमानांचे कॅप्टन नेले. मोठ्या विमानवाल्यांनी फवारणीचे कॅप्टन नेले. फवारणीवाल्यांनी कोणाला न्यायचं? खाली फक्त आम्ही आहोत, आणि आम्हाला एकट्याने उडता येत नाही. टंचाई डावीकडे आहे, अगा. उजवीकडे गर्दी आहे. माझ्या तुकडीतले एकतीस जण त्या गर्दीत उभे आहेत. प्रयोगशाळेत असंच होतं. दोन पदार्थांतला एक संपला की दुसरा कितीही उरला तरी क्रिया थांबते. मग उरलेला पदार्थ वाईट होता असं थोडंच म्हणतो आपण? डावीकडे एक माणूस येऊन बसला, की तेवढ्याने उजवीकडे एक जागा तयार होते."

"खोगिरं एकतीस आणि घोडा एकही नाही," अपा म्हणाली.

"घोडा होता," मी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला."

आणि जीभ चावली. मी खरंच सुचवत नव्हते. अगा बासष्ट वर्षांचे होते. हिवाळ्यात इर्गिझ नदीच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत, उन्हाळ्यात टरबुजं लावत, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघून म्हणे, निवृत्ती असावी तर अशी.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. डावा पेला उचलून चहा संपवला. मग उठले, चापानची घडी मोडली, अंगात घातला आणि बाह्या दुमडत गेले.

आठवड्याने त्यांची बायको, काम्शात अपा (मोठ्या बाईलाही आम्ही अपाच म्हणतो), आमच्याकडे आली. पायातले बूट काढायच्या आधीच सुरू झाली.

"काय शिकवलंस गं माझ्या म्हाताऱ्याला? मीठ सोडलं. घोड्याचं मांस ताटात तसंच ठेवतो. रोज सकाळी नदीपर्यंत चालत जातो आणि परत येऊन स्वतःची नाडी मोजतो. आमचं दार चार वर्षं करकरतंय. याला ऐकू येत नाही म्हणून तेल घालत नाही. आणि हा विमान उडवणार!"

"मी त्यांना काही म्हणाले नाही, अपा. शपथ."

"ठाऊक आहे. म्हणाला असता कोणी तर मी त्याच्याशी भांडले असते. आता भांडू कोणाशी?"

तिने कोटाच्या आतून एक जाड पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "त्याची जुनी उड्डाणपुस्तकं. चार दिवस शोधतोय. मीच लपवली होती. तूच दे त्याला, मी दिली म्हणून सांगू नकोस."

पाकिटाला पीठ आणि साबण यांचा वास होता. पहिलं पान एकोणीसशे पंच्याऐंशीचं होतं. काम्शात अपाला ते चौतीस उन्हाळे दारात उभं राहून काढायला लागले होते, आणि तिच्या वाट्याला मोकळे उन्हाळे आले होते फक्त चार. पाचवा ती माझ्या हातात ठेवून चालली होती. मी तिचे बूट पुसून दारात सरळ लावून ठेवले. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "पुरे, पुरे."

बेर्दिबेकनी पंचवीस मार्चची मुदत दिली. त्या दिवशी जिल्ह्याला कळवायचं होतं की विमान एक की दोन. अठरा तारखेला मी अगांना गाडीने अक्तोबेला वैद्यकीय मंडळापुढे घेऊन गेले. डोळे ठीक. हृदय, डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाचं. रक्तदाब पहिल्यांदा चढला, पंधरा मिनिटांनी उतरला. मग आली कानाची खोली.

कानाची डॉक्टर बाई ठेंगणी आणि थकलेली होती. तिने अगांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः सहा मीटर लांब गेली आणि कुजबुजत आकडे म्हणू लागली. मी दारातल्या खुर्चीवर होते. मला प्रत्येक आकडा ऐकू येत होता आणि अगांना तो येत नाहीये हेही दिसत होतं. डावा कान चालला. उजव्या कानाने ते तिसऱ्या आकड्याला म्हणाले, "बाई, तुम्ही सुरू केलंत का?"

तिने पेन खाली ठेवलं. "वय झालं, आजोबा. घरी जा, नातवंडं खेळवा."

"नातवंडं शहरात आहेत. आणि डॉक्टर, हे असं शांत तर मला आयुष्यात कोणी काही सांगितलंच नाही. माझ्याशी जे कोणी बोललं ते इंजिन चालू असताना बोललं. इंजिन लावा आणि मग विचारा."

मला वाटलं, ती चिडणार. पण तिने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कपाटातून जाड हेडफोन काढले. नियमात तशी सोय होती: वैमानिकाला विमानाच्या गोंगाटात बोलणं समजतं का, हे तपासता येतं. तिने यंत्रावर घरघर लावली. इतकी, की ती कानांवरून बाहेर गळत होती. मग ध्वनिमुद्रित वाक्यं सुरू झाली.

"वारा वायव्येकडून, सहा मीटर," अगा भिंतीकडे बघत म्हणाले. "उजवीकडे वळा. दोनशे मीटर उंची. पट्टी मोकळी आहे. धावपट्टीवर गाई आहेत." मग वळून, "गाई खरंच म्हणाला की मला वाटलं?"

"खरंच म्हणाला," डॉक्टर बाई म्हणाली. ती पहिल्यांदा हसली. तीस वाक्यांतली अठ्ठावीस बरोबर आली.

नंतर मी वाचलं, मधल्या कानातल्या बारीक हाडांचा दोष असला तर काहींना शांततेपेक्षा गोंगाटात जास्त नीट समजतं. कारण पूर्ण ठरलेलं नाही. मला ते पूर्ण समजून घ्यायचं आहे. पण त्या दिवशी मला कारण नको होतं, निकाल हवा होता, आणि तो आम्हाला तासाभराने मंडळाच्या अध्यक्षांनी हातात दिला. एका वर्षासाठी योग्य. खाली अट: उड्डाण करताना शेजारी पात्र दुसरा वैमानिक असलाच पाहिजे, आणि रेडिओ त्याने सांभाळावा.

अगांचा चेहरा पडला. "लंगड्या घोड्यासारखं लिहून दिलंय."

मी ती ओळ तीनदा वाचली. सव्वीस अर्जांमध्ये मी लोकांना पटवत होते की मला घ्या, मी त्रास देणार नाही. आणि इथे एका सरकारी शिक्क्याखाली लिहिलं होतं की माझ्यासारखं कोणी नसेल तर हे विमान उडणार नाही. मला जागा हवी म्हणून अगा आले होते. आता त्यांना उडायचं असेल तर मी हवी होते. मी गाडीत बसले आणि चावी फिरवायच्या आधी थोडी रडले. अगांनी खिडकीबाहेर बघत रुमाल पुढे केला.

"अट वाईट आहे, पण इतकी नाही," ते म्हणाले.

"अगा, ती जगातली सगळ्यात सुंदर अट आहे."

"शास्त्र शिकलेल्या पोरींचं डोकं वेगळंच चालतं," त्यांनी सुस्कारा सोडला.

बेर्दिबेकनी तो कागद टेबलावर सरळ केला, चष्मा लावला आणि हळूहळू वाचला. मी उभीच होते.

"म्हणजे याच्या शेजारी कायम कोणीतरी हवं," ते म्हणाले, "चांगल्या कानाचं."

"हो."

"तुझे कान कसे आहेत?"

"त्या दिवशी फोन मी उचलला असता तर ही सगळी भानगड झालीच नसती."

ते इतके हसले की चष्मा पडला. मग गंभीर झाले. "हे बघ, ओरलबेकला पुन्हा तपासणीची उड्डाणं करावी लागतील, एप्रिलभर. त्याने ती पार केली तरच मेमध्ये तुझी जागा. 'तरच' म्हणतोय मी. ऐकलंस ना शेवटापर्यंत?"

"ऐकलं."

त्यांनी पंचवीस तारखेला दोन विमानं कळवली. एक एप्रिलला मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि नाही म्हणाले. 'तरच'वर विसंबून नाही म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं, हे मला माहीत आहे. मुख्याध्यापक नाराज झाले, मग म्हणाले, शाळेवरून गेलीस तर पंख हलव, मुलांना आवडेल. अगा एप्रिलचे तीन आठवडे शहरात राहिले. वीस वर्षांनी लहान असलेल्या तपासनिसासमोर बसून परीक्षा दिली, एक विषय दुसऱ्यांदा दिला, आणि ते घरी कोणालाही सांगू नको असं मला फोनवर तीनदा बजावलं.

मेच्या चौदा तारखेला, उजाडताना, आम्ही धावपट्टीवर होतो. वारा पडलेला असतो तेवढाच वेळ फवारणी करता येते. इंजिन गार असताना पंख्याची पाती आधी हाताने फिरवायची असतात, सिलिंडरात तेल साचलेलं असतं म्हणून. अगांनी एक पातं धरलं, मी दुसरं. ते मोठ्याने मोजत होते. मग आम्ही शिडीने वर चढलो. ते डावीकडे बसले, मी उजवीकडे, आणि त्या खुर्चीची गादी मध्ये इतकी खचलेली होती की मला खाली माझं जाकीट घालावं लागलं.

वर गेल्यावर अगा गावातले म्हातारे राहिले नाहीत. आवाज हलका झाला, हात थोडे आणि नेमके झाले. माळ पंधरा मीटर खालून सरकत होता. काही ठिकाणी गवत पिवळट आणि हलतं दिसे. तिथे पिल्लं होती. मी रेडिओवर बोलत होते, पट्ट्या मोजत होते. वळणात काही चुकलं की ते एकच बोट उचलत, म्हणजे डावा पंख जरा खाली. मी घेतलेल्या पहिल्या दोन वळणांना त्यांनी बोट उचललं, तिसऱ्या वळणाला उचललं नाही.

मी हेडफोनमधून म्हणाले, "अगा, रहमत."

त्या सगळ्या घरघरीत त्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. "वारा कुठून आहे ते सांग," ते म्हणाले. "आभार जमिनीवर."

वारा उठल्यावर, साडेनऊला, आम्ही उतरलो. जमिनीवर त्यांनी आभार मानूच दिले नाहीत. आधी म्हणाले भूक लागली, मग म्हणाले चाकाखाली दगड लाव. काम्शात अपा डबा घेऊन आली होती. तिने आधी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मोजून घेतल्यासारखं, आणि मग मला. कणकेचा तळलेला एक गरम बाउर्साक माझ्या हातात ठेवला, दुसरा माझ्या खिशात कोंबला. "बारीक झालीस," ती म्हणाली. सकाळपासून साडेतीन तासांत मी किती बारीक होणार, हे मी विचारलं नाही.

मी पंखाच्या सावलीत बसून उड्डाणपुस्तक उघडलं. तारीख. विमान. वेळ: तीन तास वीस मिनिटं. विमानप्रमुखाच्या रकान्यात आजवर शिक्षकांची नावं होती, आणि ती त्यांनीच छापील शिक्क्याने उठवलेली. इथे मला हाताने लिहायचं होतं. हात अजून इंजिनाने थरथरत होते. मी लिहिलं.

अगा तोंडात घास धरून खांद्यावरून वाकले. "हे काय लिहिलंयस? ओरलबेक आहे की कोंबडी चालून गेलीय?"

"हात हलतोय, अगा."

"हात हलू दे. नाव नीट लिही. पुढे कुठल्या मोठ्या कंपनीचा साहेब हे उघडून बघेल, त्याला वाचता आलं पाहिजे की तू कोणाबरोबर उडालीस. फोन करेल तो मला."

"फोनवर तुम्हाला ऐकू येईल?"

"काम्शातला विहिरीचा पंप चालू करायला सांगेन," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

उड्डाणपुस्तकात खोडायचं नसतं. म्हणून ती ओळ तशीच आहे. दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा शांत होती, आणि मी खालच्या ओळीत त्यांचं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं, लिहिलं.